दे ला साल यांचे चित्र: तैलचित्र, आयकॉन की छापील प्रत?

शाळा चालवणाऱ्या ब्रदर्सच्या संस्थेचे संस्थापक, फ्रेंच धर्मगुरू संत जॉन बाप्टिस्ट दे ला साल (१६५१–१७१९) यांचे चित्र घ्यायचे ठरले की सगळे चेहऱ्याकडे पाहतात. खरी कसोटी पोशाखाची असते. चित्राचा मोठा भाग काळा झगा व्यापतो आणि त्यावर दोन पट्ट्यांची पांढरी कॉलर येते. हे दोन रंग तुमच्या जागेत ज्या माध्यमात टिकतील, ते माध्यम घ्यावे.

तैलचित्रात काळ्याला मखमली खोली येते. शाळेच्या सभागृहासाठी आमची पसंती यालाच. पण आयव्हरी ब्लॅक हा काळा तैलरंग फार सावकाश वाळतो. त्याचा जाड थर ओला असताना वर लवकर वाळणारा रंग चढवला, तर काही काळाने भेगा पडतात. म्हणून खालचा थर बर्न्ट अंबर हा लवकर वाळणारा तपकिरी रंग मिसळून पातळ द्यायला सांगा आणि वरच्या प्रत्येक थरात तेल थोडे वाढू द्या. कॉलरसाठी झिंक व्हाइट नको, तो ठिसूळ होतो. टायटॅनियम व्हाइट घ्यावा. तो करडईच्या तेलातला असेल तर जवसाच्या तेलाइतका पिवळा पडत नाही. शेवटचे व्हार्निश सहा महिने ते वर्षभराने. समोर खिडकी असेल तर चकचकीत काळ्यात संतांऐवजी खिडकीच दिसते आणि पूर्ण मॅट व्हार्निशने काळा राखाडी होतो. किंचित चमक असलेले सॅटिन व्हार्निश हा मधला मार्ग.

चॅपलमध्ये (छोट्या प्रार्थनागृहात) प्रार्थनेसाठी आयकॉन, म्हणजे लाकडी फळीवर रंगवलेले पवित्र चित्र, उत्तम. अंड्याचा बलक आणि तितकेच पाणी यांत कालवलेला रंग काही मिनिटांत वाळतो, त्यामुळे काळा सावकाश वाळण्याची अडचण येतच नाही. झग्याच्या चुण्या फिकट रेषांनी उठवतात. इथे धोका फळीचा. रंगाखाली खडू आणि सरसाचे आठ-दहा थर देताना वरच्या थरात सरस जास्त पडला, तर पोपडे सुटतात. मागच्या आडव्या पट्ट्या खाचेत सरकवलेल्या असाव्यात. चिकटवल्या तर लाकडाला हलायला जागा राहत नाही आणि फळी फाटते. ओल येणाऱ्या भिंतीवर आयकॉन लावूच नये. आणि संतांचे नाव लिहिल्याशिवाय तो पूर्ण झाला असे मानू नये.

प्रत्येक वर्गात एकेक चित्र हवे असेल तर कॅनव्हासवरची छपाई पुरे. पिगमेंट शाई (रंगाचे बारीक कण असलेली) मागा. डायची (विरघळलेल्या रंगाची) शाई उन्हात लवकर उडते. ६० × ९० सेंमीसाठी किमान ३५४३ × ५३१५ पिक्सेलची फाइल लागते, म्हणजे १५० डीपीआय (दर इंचाला १५० ठिपके). कडा दुमडायला चारही बाजूंनी पाच सेंमी जादा ठेवा, नाहीतर तेजोवलय चौकटीमागे जाते. आधी झग्याच्या भागाचा नमुना छापून घ्या: चुण्या बुडून सपाट काळा डाग उरला असेल, तर गडद छटा उजळाव्या लागतील.

तेजोवलयाचा प्रश्न तिन्ही माध्यमांत येतो. दे ला साल १८८८ मध्ये धन्य (संतपदाआधीची पायरी) आणि १९०० मध्ये संत घोषित झाले, त्यामुळे त्याआधीच्या चित्रावरून नक्कल केली तर बहुधा वलय नसते. वलय हवे असल्यास आधीच सांगा. काळ्या-पांढऱ्याचा तोल बसल्यावर घातलेले वलय ठिगळासारखे दिसते. कच्च्या रेखाटनातच कॉलरही तपासा. आजच्या धर्मगुरूंची अरुंद पांढरी पट्टी काढली असेल, तर चित्र दे ला साल यांचे राहत नाही.