४१२ पेट्या सोपवल्या, ९६ हाती आल्या

अभिलेखांच्या सुरक्षित साठवणुकीच्या नावाखाली एका कंपनीने आमच्या संस्थेची ५,६९,६८० रुपयांची फसवणूक केली. २४ महिन्यांचे आगाऊ भाडे ४,४४,९६० रुपये, अनामत १,००,००० रुपये आणि बारकोड लावण्याचे २४,७२० रुपये, असा तो हिशेब आहे. पैशांपेक्षाही जिव्हारी लागते ते हे, की सभासद नोंदवह्या, ठरावांची इतिवृत्ते, लेख्यांची प्रमाणके (व्हाउचर) आणि कर्मचाऱ्यांची सेवापुस्तके असलेल्या ३१६ पेट्या गेल्या आणि त्या सोपवल्याच्या कागदावर सही माझी आहे.

सगळे दप्तर एकाच इमारतीत ठेवू नये, हा विचार चुकीचा नव्हता आणि आजही मी तो चुकीचा मानत नाही. १२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेत सेंट लुइस येथे सैनिकांच्या सेवा अभिलेखांच्या इमारतीला आग लागली आणि १.६ कोटींहून अधिक फायली गेल्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, मायक्रोफिल्म (कागदांची फिल्मवरील सूक्ष्म छायाचित्रे) नव्हती आणि नेमके काय जळाले हे सांगणारी सूचीही नव्हती. हे उदाहरण समितीपुढे मीच मांडले होते. गोदाम पाहायलाही मी स्वतः गेलो होतो. रांगेने लावलेले लोखंडी रॅक, २० अंश तापमान व ४५ टक्के आर्द्रता दाखवणारे यंत्र आणि दारावर नोंदवही घेऊन बसलेला पहारेकरी, हे सर्व मी डोळ्यांनी पाहिले. ते गोदाम भलत्याच कंपनीचे होते आणि आम्हाला फसवणाऱ्या या लोकांनी तेथे दोन महिन्यांपुरता एकच रॅक भाड्याने घेतला होता, हे मला कसे कळावे? जागा कोणाच्या नावावर आहे, तो कागद मागा. नुसती जागा पाहून येऊ नका.

ज्या क्षणी मी थांबायला हवे होते, तो क्षण मात्र मला टाळता येत नाही. तिसऱ्या महिन्यात चाचणी म्हणून मी पेटी क्रमांक ११७ मागवली. करारात २४ तासांत पेटी देण्याचे कलम होते. ती नवव्या दिवशी आली. आम्ही सर्व पेट्यांना पारदर्शक चिकटपट्टी लावली होती, हिच्यावर तपकिरी होती. तळाचा पुठ्ठा बोटाने दाबला तर आत जात होता आणि उघडताच ओल्या कागदाचा कुबट वास आला. आणणाऱ्याकडे बारकोड वाचण्याचे यंत्रही नव्हते. त्याने वहीत पेनाने क्रमांक लिहून घेतला. मी विचारले तेव्हा पावसात गाडी अडकल्याचे सांगण्यात आले आणि मी ते मान्य केले. त्या दिवशी लेखापरीक्षणाची कामे अंगावर होती, एवढेच माझे स्पष्टीकरण आहे. कागद भिजल्यावर ४८ तासांत बुरशी धरू शकते, हे मला ठाऊक होते. तरीही पेटी पुन्हा बंद करून मी परत पाठवली.

अकराव्या महिन्यात लेखापरीक्षकांनी जुनी प्रमाणके मागितली आणि तेव्हापासून साठवणूक कंपनीचा फोन लागेना. शोधता शोधता त्या कंपनीच्या मालवाहतूकदाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये ९६ पेट्या सापडल्या, त्याही भिजलेल्या. संगणकीय नोंदींच्या १४ टेप तेथेच, कागदांच्या खाली दाबलेल्या होत्या. 'अग्निरोधक' या शब्दावर विसंबू नका: कागदांसाठी बनवलेली तिजोरी आगीत आतील तापमान १७७ अंशांपर्यंत चढू देते, टेपसाठी मात्र ते ६६ अंशांच्या आत राहावे लागते. हे विचारल्यावर ज्याला उत्तर देता येत नाही, त्याला टेप देऊ नयेत.

पोलिसांकडे मी सात वेळा गेलो. पहिल्या खेपेला हा दिवाणी वाद असल्याचे ऐकवले. तिसऱ्या खेपेला मालाची किंमत लिहायला सांगितली आणि मी अडखळलो, तेव्हा रद्दीच्या भावाने वजन लावून लिहा, असे सुचवण्यात आले. ज्या इतिवृत्तावाचून संस्थेला आपला एखादा ठराव सिद्ध करता येणार नाही, त्याचे मोल किलोवर ठरवायचे? पाचव्या खेपेला अधिकारी बदलले होते आणि अर्ज नव्याने द्यावा लागला. विमा कंपनीने दोन ओळींचे पत्र पाठवले: संरक्षण फक्त नोंदणीकृत कार्यालयातील मालमत्तेला आहे. दप्तर बाहेर हलवण्याआधी विमापत्रात ती जागा लिहून घ्या. आम्ही ते केले नाही. प्रत्येक ठिकाणी गहाळ कागदांची तपशीलवार यादी मागतात आणि ती रास्तच आहे, पण आमची सविस्तर सूची पेटी क्रमांक १ मध्ये ठेवली होती. सेंट लुइसचे उदाहरण देणाऱ्या माणसाकडून ही चूक झाली, याची मला मनापासून लाज वाटते. सूचीची प्रत पेट्यांसोबत कधीही पाठवू नका. पावतीवर '४१२ नग' एवढेच लिहून घेतले असेल, तर तिचा काही उपयोग होत नाही. प्रत्येक पेटीचा क्रमांक आणि सीलचा क्रमांक त्यावर हवा. दोन वर्षांचे भाडे आगाऊ मागणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा.

एक निवृत्त कर्मचारी दर महिन्याला कार्यालयात येतात. त्यांचे ३१ वर्षांचे सेवापुस्तक गेलेल्या पेट्यांत होते. त्यांनी घरी जपून ठेवलेल्या वेतनपावत्यांवरून आम्ही त्यांची सेवा वर्षागणिक पुन्हा लिहीत आहोत. आतापर्यंत १९ वर्षे जुळली आहेत.