गॅस न भरता पिकअपचा एसी नीट करून दिला: नाशिकच्या द्वारका भागातलं ऑटो एसीचं गॅरेज

गाडीचा एसी गार हवा देत नाही म्हटलं की बहुतेक ठिकाणी पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "गॅस कमी झालाय." माझ्या पिकअपमध्येही असाच गॅस भरून झाला होता, तोही वेगवेगळ्या ठिकाणी. पैसे गेले, त्रास होता तिथेच राहिला. म्हणून द्वारकेच्या आतल्या गल्लीतल्या या गॅरेजबद्दल जरा सविस्तर लिहिते. पाटीवर "ऑटो ए.सी. व हीटर" एवढंच रंगवलेलं आहे. टायरवाल्याच्या शेजारी, एका वेळी दोन गाड्या मावतील एवढीच जागा.

मी पिंपळगाव बसवंतकडची. द्राक्षं आणि टोमॅटो, दोन्ही पिकं आहेत, आणि गाडी मी स्वतः चालवते. एसी-हीटर आमच्यासाठी चैनीची गोष्ट नाही. पावसाळ्यात टोमॅटो घेऊन कसारा घाट उतरताना पुढची काच आतून वाफ धरते. तेव्हा काचेवर कोरडी हवा आली नाही तर समोरच्या ट्रकचा मागचा दिवाही दिसत नाही. थंडीत निफाडकडे पारा 5-6 अंशांवर येतो आणि द्राक्षाचा माल पहाटेच हलवायचा असतो, तेव्हा हीटर लागतो. गाडी जुनी घेतलेली आहे, सगळं केबलवर चालणारं: तीन नॉब, एक ब्लोअरचा, एक गरम-गारचा, एक हवा कुठून यावी याचा.

तक्रारी तीन होत्या. हवा तोंडावर येतच नव्हती. नॉब कुठेही फिरवा, थोडी पायाशी, थोडी काचेवर. ब्लोअर 1, 2, 3 वर मुका, थेट 4 वर भणाणायचा. आणि चढाला इंजिन तापलं की एसी चालू असूनही कोमट वारा.

गॅरेजवाले काका साठीच्या आसपासचे. गॅसच्या टाकीकडे ते वळलेच नाहीत. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली, ब्लोअर 4 वर टाकला आणि प्रत्येक जाळीपुढे तळहात धरत गेले. मग हवा कुठून यावी याचा नॉब हळूहळू फिरवला. तो फिरवला की आतली हवा वळवणारी झडप, म्हणजे फ्लॅप, हलायला हवी. मला म्हणाले, "ताई, कान द्या. आत फ्लॅप पडल्याचा आवाज येतो का?" येत नव्हता. डॅशबोर्डचा कप्पा काढून त्यांनी बॅटरी मारली, तर केबल नॉबबरोबर पुढेमागे सरकत होती, पण फ्लॅपचा दांडा जागच्या जागी. दोघांना जोडणारी प्लॅस्टिकची बोटभर क्लिप तुटली होती. फ्लॅप अर्ध्यात अडकून बसलेला, म्हणून हवा पायाशी आणि काचेवर वाटली जात होती. जुन्या गाडीतून काढून ठेवलेली क्लिप डब्यातून शोधून त्यांनी बसवली. लगेच तोंडावर वारा आला.

ब्लोअरचं त्यांनी फार छान समजावलं. पहिले तीन स्पीड रेझिस्टरमधून, म्हणजे करंट कमी करणाऱ्या भागातून जातात, चौथा थेट. त्यामुळे फक्त चौथा चालत असेल तर आधी रेझिस्टर बघायचा. तो काढला तर तार जळून तुटलेली आणि सॉकेट तपकिरी पडलेलं. दुसरा कुणी नवा रेझिस्टर घालून मोकळा झाला असता. काकांनी पोराला ब्लोअरची मोटर उतरवायला लावली. "हा का जळला, ते बघितल्याशिवाय नवा घालायचा नाही." पंख्याच्या चाकात उंदरांनी घर केलं होतं: वाळका पाला, सुतळी, आणि आम्ही द्राक्षाच्या घडांना गुंडाळतो त्या कागदाचे बारीक तुकडे. कचरा घासून मोटर जड चालत होती आणि जास्त करंट खेचत होती. रेझिस्टर हवेच्या वाटेतच बसवलेला असतो, कारण तो त्या वाऱ्याने गार राहतो. वारा तुंबला, तो जळला. चाक साफ केलं, सॉकेट बदललं, बाहेरून हवा येते त्या तोंडाला बारीक जाळी लावून दिली. बांधावर गाडी उभी करणाऱ्या प्रत्येकाने ही जाळी लावून घ्यावी.

मग आला चढावरचा कोमट वारा. आता गॅसचं प्रेशर मोजणारे गेज लावले, निळा आणि लाल. दोन्हीकडचं प्रेशर ठीक. "गॅस भरपूर आहे, त्याला हात लावायचा नाही." गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो, कमी झाला तर कुठून तरी गळतोय असं समजायचं, हेही त्यांनीच सांगितलं. नंतर बॉनेट उघडून, हीटरकडे जाणाऱ्या दोन रबरी पाइपांना त्यांनी बोटं लावली. नॉब पूर्ण निळ्याकडे असताना दोन्ही पाइप पोळत होते. म्हणजे हीटरचा वॉल्व्ह बंदच होत नव्हता. इंजिनचं गरम कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, सतत हीटरच्या कॉइलमधून फिरत होतं आणि एसीने गार केलेली हवा तिथे पुन्हा तापत होती.

पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मधल्या जाळीत त्यांनी थर्मामीटर खोचला, 19 अंश. आत जाणाऱ्या पाइपाला फडकं गुंडाळून पकडीने तो दाबून धरला. काही मिनिटांत काटा 11 वर. गॅसचा एक थेंब न भरता! वॉल्व्ह काढल्यावर आत पांढरा क्षार चिकटलेला दिसला. आधीच्या मालकाने कूलंटऐवजी बोअरचं पाणी घातलेलं. वॉल्व्ह नवा टाकला, लाइन धुऊन कूलंट भरलं, आणि हवा अडकू नये म्हणून इंजिन बराच वेळ चालू ठेवून पाणी पुन्हा तपासलं. शेवटी हीटरही लावून बघितला.

सगळे मिळून 3,400 रुपये झाले, जुने भाग हातात दिले. कूलिंग कॉइल धुवायची का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "वारा चांगला येतोय, एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळीही नीट टपकतेय. उगाच डॅशबोर्ड खोलू नका." येणारं काम त्यांनी स्वतःहून नाकारलं, हे मला फार मोठं वाटतं.

उणिवाही आहेत. छापील बिल मिळत नाही, वहीच्या पानावर लिहून देतात. जीएसटीचं बिल लागणाऱ्यांची अडचण होईल. बसायला धड जागा नाही, बाईमाणसाला स्वच्छतागृहासाठी बाहेर जावं लागतं. कामाला माझा अख्खा दिवस गेला, कारण ते एकेक गोष्ट तपासूनच पुढे जातात. घाई असेल तर जाऊ नका. सुटे भाग आणायला पोरगा गेला की काम थांबतं, तेव्हा आपल्या गाडीचं मॉडेल आणि साल फोनवर आधी कळवलेलं बरं.

त्यानंतर भर पावसात टोमॅटो घेऊन कसाऱ्यातून उतरले. नॉब काचेकडे, एसी चालू, गरम-गारचा नॉब जरासा लालकडे आणि आतल्याच हवेचं बटण बंद. काकांनी सांगितलं होतं तसंच. काच शेवटपर्यंत स्वच्छ राहिली, फडकं हातात घ्यावं लागलं नाही. एप्रिल-मे मध्ये तिथे सकाळपासून रांग असते. हीटरचं काम असेल तर दिवाळीच्या आधीच उरकून घ्या.