डोंबिवलीतलं एक सुपरमार्केट: माल चांगला, गिऱ्हाईक बेताचं

दुकानाचं नाव लिहीत नाही. का, ते पुढे येईलच. डोंबिवली पूर्वेला, स्टेशनवरून शेअर रिक्षाने जाता येईल असं हे दुमजली सुपरमार्केट आहे. खाली किराणा, वर भांडीकुंडी, टॉवेल-चादरी आणि प्लॅस्टिकचे डबे, तळघरात पार्किंग. महिन्याचं सामान मी इथूनच भरते, त्यामुळे एकदा जाऊन आलेल्या माणसाचं हे मत नाही.

आधी माल. सुटं धान्य चांगलं आहे. तूरडाळीत खडा सापडत नाही, शेंगदाणे कुटाला उत्तम, ज्वारी ताजी असते. इंद्रायणीच्या पिंपावर ‘जुना’ असं लिहिलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवू नका. भात गिच्च होतो. साबण, चहा, तेल, बिस्किटं छापील किमतीपेक्षा बरीच खाली मिळतात आणि गणपतीच्या आधी तर आणखी. भाजी मात्र अजिबात घ्यायची नाही. एसीत ठेवलेली मेथी वरून हिरवी दिसते आणि घरी येऊन जुडी सोडली की आत काळी. भाजीला आपला स्टेशनजवळचा बाजारच बरा.

किमतीबद्दल एवढं पुरे, कारण किमती सगळ्यांना कळतात. मला लिहायचंय ते तिथल्या माणसांबद्दल, आणि त्याहून जास्त आपल्याबद्दल. मी सहकारी बँकेत कॅशियर म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. काउंटरच्या आतल्या बाजूला आयुष्य गेलं की माणूस बाहेरच्या बाजूला उभा राहिला तरी आतलंच बघतो. त्याला माझा नाइलाज आहे.

ट्रॉलीपासून सुरू करते. रविवारी संध्याकाळी तळघरात जा. दोन गाड्यांच्या मधे ट्रॉली, खांबाला टेकवलेली ट्रॉली, लिफ्टच्या दारात आडवी ट्रॉली, आणि एक हमखास रस्त्यापलीकडे रिक्षा स्टँडवर. सामान रिक्षात गेलं, ट्रॉली तिथेच सोडली, रिक्षा निघाली. मागचा रिक्षावाला शिव्या घालत ती फुटपाथवर चढवतो. ट्रॉली उभी करायची जागा तळघरात आहे, पिवळे पट्टे मारून आखलेली. कुठल्याही गाडीपासून फार तर वीस-पंचवीस पावलं. त्या चौकोनात बहुतेक वेळा कोणाची तरी स्कूटर असते, ही गोष्ट वेगळी.

या ट्रॉल्या वर न्यायला दोन मुलं येतात. दहा-बारा ट्रॉल्या एकात एक अडकवून आगगाडी करतात. एक पुढून ओढतो, दुसरा मागून खांदा लावतो. उतारावर गाड्यांची चाकं घसरू नयेत म्हणून सिमेंटला खाचा पाडल्यात. त्यांच्यावरून ट्रॉलीची लहान चाकं जाताना असा काही खडखडाट होतो की दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. मधल्या एखाद्या ट्रॉलीच्या चाकात केस, सुतळी, फाटकी पिशवी गुंडाळलेली असते. ते चाक फिरत नाही, नुसतं घासत जातं आणि सगळी रांग भिंतीकडे वळते. मग पुढचा मुलगा गुडघ्याने ती उचलून सरळ करतो. समोरून गाडी येत असते आणि गाडीवाला हॉर्न वाजवत असतो.

आणि कचरा. ट्रॉलीत काय काय सोडतात लोक! उसाच्या रसाचा ग्लास, बिलाचा बोळा, केळ्याचं साल, एकदा तर लहान मुलाचं भरलेलं डायपर. यात नुसती घाण एवढाच प्रश्न नाही. ट्रॉली एकात एक जाते ती मागची जाळी वर उचलली जाते म्हणून. ट्रॉली पहिल्यांदा आणली ती अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदाराने, १९३७ साली. गिऱ्हाइकं हात लावेनात, तेव्हा त्याने पैसे देऊन माणसं आणली आणि त्यांना दुकानात ट्रॉल्या ढकलत फिरायला लावलं. पण त्या ट्रॉल्या घडी करून ठेवाव्या लागत. मागची बाजू बिजागरीवर उचलली जाऊन एकीत दुसरी शिरते ती रचना दुसऱ्याची, कॅन्सस सिटीच्या ऑर्ला वॉटसनची, १९४६ सालची. आत अर्धा भरलेला खोका राहिला की पुढची ट्रॉली शिरत नाही, रांग तिथे तुटते. म्हणजे तुमचा एक खोका बाहेर काढायला त्या मुलाला चढावर थांबावं लागतं, बारा ट्रॉल्या पाठीने अडवून धरत.

आमच्या सोसायटीत एक गृहस्थ आहेत. त्यांचं म्हणणं, “अहो, त्यांना त्याचाच पगार मिळतो. आपण ट्रॉली जागेवर ठेवायला लागलो तर त्या पोरांची नोकरी जाईल.” हे ऐकायला मोठं दयाळू वाटतं. पण त्या दोघांना ट्रॉल्या ओढायला ठेवलेलंच नाही. ते माल लावायला आहेत. दारात ट्रॉल्या संपल्या की सुपरवायझर हाक मारतो, मग हातातला खोका आहे तिथे ठेवून पोरं तळघरात पळतात. ते खोके वाटेत पडून राहतात, त्यात कुणाचं तरी पाऊल अडकतं आणि तो माणूस परत याच पोरांवर ओरडतो. काम वाढलं म्हणून माणूस वाढत नाही, हे बँकेत मी डोळ्यांनी पाहिलंय. खाती वाढली, पेन्शनवाले वाढले, लाइट बिलं काउंटरला आली, खुर्च्या होत्या तेवढ्याच राहिल्या. इथेही तेच. आपण पसारा वाढवला तर नवीन नोकरी निघत नाही, आहे त्याचीच कंबर दुखते.

माझी मुलगी जर्मनीत श्टुटगार्टला असते. तिकडे सुपरमार्केटच्या दारात ट्रॉल्या साखळीने एकमेकींना बांधलेल्या असतात. एक युरोचं नाणं खाचेत सरकवलं की साखळी सुटते. ट्रॉली परत लावली की नाणं परत. मुलगी किल्लीच्या जुडग्यात नाण्याच्या आकाराची एक चकती बाळगते, सुटे नसले तर ती. जर्मन माणूस जात्या सज्जन आहे म्हणून ट्रॉली जागेवर जाते, असं मला तरी वाटलं नाही. पैसा अडकलाय म्हणून जाते. आपल्याकडे दहाचं नाणं ठेवलं तर? निम्म्या लोकांकडे नाणंच नसेल, फोनवर पैसे देतात सगळे. आणि उरलेले दहा रुपये सोडून देतील. पण मग ती रिक्षा स्टँडवरची ट्रॉली कोणीतरी दहा रुपयांसाठी नक्की परत आणेल. दुकानाने हा प्रयोग करून बघावाच.

ट्रॉली निदान डोळ्यांना दिसते. न दिसणारी गोष्ट म्हणजे ‘रिटर्न’. बिलिंगला आल्यावर लोकांना साक्षात्कार होतो की हे नको होतं. मग पनीरचं पाकीट चॉकलेटच्या मांडणीत, श्रीखंडाचा डबा टूथपेस्टच्या मागे, फ्रोजन मटार मासिकांच्या खाली. दुकान बंद होताना एक मुलगी मोठी ट्रॉली घेऊन हे सगळं गोळा करत फिरते. वेफर्स, साबण जागेवर जातात. फ्रीजमधून निघालेलं पनीर परत फ्रीजमध्ये जाऊ शकत नाही. किती वेळ बाहेर होतं ते कुणाला माहीत? ते ‘डॅमेज’मध्ये लिहायचं. नको असलेली वस्तू काउंटरवरच्या मुलीच्या हातात द्यायला कितीसा वेळ लागतो? “ताई, हे नको” एवढं पुरतं. ती लगेच बाजूला ठेवते आणि कोणी तरी फ्रीजकडे पळवतं.

रिटर्नवाली मुलगी टिटवाळ्याला राहते. शटर साडेदहाला पडतं, पण ती ट्रॉली रिकामी झाल्याशिवाय सुटका नाही. मग कसारा लोकल, मग स्टेशनवरून चालत घर. आपल्या राज्याच्या २०१७ च्या दुकाने कायद्यात सलग काही तास काम झालं की किमान अर्ध्या तासाची सुट्टी द्यायची असं लिहिलंय. तिला विचारलं तर म्हणाली, “काकू, रविवारी डबा उभ्यानेच होतो.”

उभ्याने यावरून आठवलं, आणि ही तक्रार गिऱ्हाइकांवर नाही, सरळ दुकानावर आहे. बिलिंगच्या एकाही काउंटरला स्टूल नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत मुली उभ्या. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देतात, मधेच चपलेतून टाच बाहेर काढून दुसऱ्या पोटरीवर घासतात, काउंटरला पोट टेकवतात. आम्ही कॅशियर दिवसभर नोटा मोजायचो पण बसून. श्टुटगार्टच्या दुकानात कॅशवरच्या बाया बसून बिलं करतात आणि त्यांचा हात इतका वेगात चालतो की आपली पिशवी भरेपर्यंत पुढच्याचं सामान अंगावर येतं. तेव्हा बसलं की काम मंदावतं हे कुणी मला सांगू नये. केरळात कापड दुकानांतल्या विक्रेत्या बायकांनी बसायला मिळावं म्हणून लढा दिला आणि २०१८ मध्ये तिथे कायदा बदलला. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही बसायची सोय बंधनकारक केली. मी इथल्या मॅनेजरला विचारलं. माणूस नम्र आहे, वाईट नाही. “वरून परमिशन नाही मॅडम,” म्हणाला. वर म्हणजे टॉवेल-चादरी. त्याच्याही वरचं ऑफिस कुठे असतं ते त्यालाही बहुधा ठाऊक नसावं. या एका गोष्टीचा एक तारा मी कापते.

काउंटरवरच्या आपल्या वागण्याचं काय सांगू? फोन कानाला लावून सामान फेकणारे आहेत. सामानाने भरलेली ट्रॉली रांगेत लावून “जरा बघा हं, एकच वस्तू राहिली” म्हणत दहा मिनिटं गायब होणाऱ्या आहेत. पण मला सर्वात खटकतात ते बिल निघाल्यावर “हे काढा, ते काढा” करणारे. स्कॅन झालेली ओळ ती मुलगी आपल्या मर्जीने काढू शकत नाही. सुपरवायझर येतो, आपलं कार्ड लावतो, मग ती रद्द होते. तोवर रांग खोळंबते आणि मागचे लोक मुलीकडे बघून च्‌ च्‌ करतात. शिवाय रद्द केलेल्या नोंदींकडे वरचे लोक कुठल्या नजरेने बघतात हे कॅशवर बसलेल्या कुणालाही विचारा. ऑफर लागली नाही असं वाटलं तर जरूर विचारा, तो आपला हक्क आहे. अशा चुका या दुकानात होतातही. शेल्फवरची चिठ्ठी जुनी राहते आणि मशीनमध्ये भाव नवा असतो. पण भाव मशीनमध्ये तिने भरलेला नसतो.

तीच गत वेगळ्या रंगाचा टी-शर्ट घातलेल्या मुलींची. त्या दुकानाच्या नसतातच. शॅम्पूच्या नाही तर मसाल्याच्या कंपनीने एजन्सीमार्फत उभ्या केलेल्या असतात, त्यांचं विक्रीचं टार्गेट वेगळं. त्यांना शुक शुक करून “रवा कुठाय?” विचारायचं आणि त्यांना माहीत नसलं की “मग कशाला उभ्या आहात?” हे मी चांगल्या शिकलेल्या लोकांच्या तोंडून ऐकलंय.

आता नावाचं. बिलाच्या खाली एक चौकोन छापलेला असतो, फोनने स्कॅन करून मत नोंदवा म्हणून. लोक उत्साहाने एक तारा देतात आणि छातीवरच्या बिल्ल्यावरचं मुलीचं नाव टाकतात. एसी बंद होता, मुलीचं नाव. पार्किंग मिळालं नाही, मुलीचं नाव. दुसऱ्या दिवशी तिला आत बोलावतात. एसीवाल्याला कोणी बोलावत नाही. मी दुकानाचं नाव लिहिलं तर हे वाचून वरचं ऑफिस स्टूल पाठवणार नाही, टिटवाळ्याच्या मुलीला ‘बाहेर काय बोलतेस’ म्हणून विचारेल. तक्रार करायची तर मी मॅनेजरला तोंडावर करते. चांगलं काही घडलं तर मात्र काउंटरचा नंबर आणि वेळ टाकून लेखी कळवते, ते त्यांच्या फळ्यावर लागतं असं ऐकलंय.

तर दुकानाला पाचातले चार. भाजीकडे कानाडोळा करून आणि स्टुलाचा एक कापून. गिऱ्हाइकांना दोन, तेही त्या आजोबांमुळे, जे आपली ट्रॉली लावताना वाटेतल्या आणखी दोन-तीन ढकलत नेतात आणि कुणाला काही बोलत नाहीत.

जाणार असाल तर मंगळवार-बुधवारी सकाळी अकराच्या आत जा. माल नुकताच लागलेला असतो आणि काउंटरला रांग नसते. एक तारखेनंतरचा रविवार टाळाच. पिशव्या घरून न्या, इथे विकत घ्याव्या लागतात आणि त्यांचे बंद पाच किलोला तुटतात. जड सामान आधी, बारकोड वर करून पट्ट्यावर ठेवा, दहा किलोचं पीठ असेल तर ट्रॉलीतच राहू द्या. मुली हातातलं मशीन आणून तिथेच स्कॅन करतात. रवा घेताना पाकीट उजेडात धरून बघा, पावसाळ्यात त्यात जाळी होते. आणि वरच्या मजल्यावरचे स्टीलचे डबे झाकण लावून बघितल्याशिवाय घेऊ नका, चारातल्या एकाचं बसत नाही.