जुनी गोळी की नवी? आईच्या रक्त पातळ करायच्या औषधाची गोष्ट

घरात कोणाच्या तरी ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) निघालं आणि डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी कायमची सांगितली, की पुढचा प्रश्न बहुतेक घरांत एकच असतो: जुनी गोळी घ्यायची की नवी? हे त्या घरांसाठी लिहितोय. आईने (वय ७४) जुनी गोळी पावणेदोन वर्षं घेतली, नवी सुरू होऊन आता चौदा महिने झाले. मी डॉक्टर नाही. ठाण्यात पाचपाखाडीच्या आमच्या घरात गोळ्या काढून देणं, रिपोर्ट आणणं, आईच्या हातापायावर नवा काळानिळा डाग उठलाय का ते बघणं हे माझ्याकडे आहे. तेवढ्याच अधिकाराने सांगतोय. शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

जुनी म्हणजे वॉर्फरिन, किंवा तिची बहीण ॲसेनोकुमॅरॉल. आईला ही दुसरी होती. नवी म्हणजे ॲपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन, डॅबिगॅट्रान यांपैकी एक. आईला ॲपिक्साबॅन आहे. रक्त खरं तर कोणतीच गोळी पातळ करत नाही. गुठळी व्हायचा वेग कमी करते, म्हणजे हृदयात साचलेल्या रक्ताची गाठ होऊन ती मेंदूकडे जायची शक्यता कमी होते.

आवडीनिवडीचा विचार करण्याआधी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट काढून बघा. धातूची कृत्रिम झडप बसवलेली असेल, किंवा मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) बऱ्यापैकी आकुंचन पावलेली असेल, तर प्रश्न तिथेच संपला: जुनीच गोळी. आपल्याकडे लहानपणी संधिवाती ताप येऊन झडपा खराब झालेली माणसं कमी नाहीत. २०२२ साली अशाच रुग्णांवरच्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले, त्यात भारतातले रुग्णही होते, आणि रिव्हरॉक्साबॅनपेक्षा जुनी गोळीच सरस ठरली. शेजारच्या काकांना नवी दिली म्हणून आपल्यालाही तीच द्या, असा हट्ट अशा वेळी धरू नका. आईच्या झडपा ठीक होत्या, म्हणून आमच्यापुढे दोन्ही वाटा मोकळ्या होत्या.

जुन्या गोळीबद्दल मला आदर आहे. १९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेत कुजलेलं गवत खाऊन गुरं रक्तस्रावाने मरायला लागली, त्या शोधातून वॉर्फरिन निघालं. १९५४ पासून ते माणसांना दिलं जातंय. इतकी वर्षं वापरातलं असल्यामुळे डॉक्टरांना त्याची चांगली माहिती आहे. गोळी स्वस्त आहे, प्रमाण जास्त झालं तर उतारा म्हणून व्हिटॅमिन के आहे, आणि शरीरात किती काम करतेय ते आयएनआर नावाच्या तपासणीत आकड्यात दिसतं. आईसाठी तो आकडा २ ते ३ च्या मध्ये राहायला हवा होता. दोनच्या खाली गेला तर गुठळीची भीती, तीनच्या बराच वर गेला तर रक्तस्रावाची.

पण हा आकडा एका जागी राहत नाही, कारण ही गोळी व्हिटॅमिन के अडवते आणि व्हिटॅमिन के पालेभाजीत असतं. पालेभाजी बंद करा असं कोणी चांगला डॉक्टर सांगत नाही. रोज साधारण तेवढीच खा, एवढंच सांगतात. आमच्या घरात हे जमायला कठीण. जून लागला की जांभळी नाक्याला येऊरकडच्या आदिवासी बाया टाकळा, कुर्डू, फोडशी घेऊन बसतात, आणि आई पिशवी भरून आणते. तिच्या माहेरी पावसाळा म्हणजे हेच. एप्रिलमध्ये २.५ वर स्थिर असलेला आयएनआर पहिल्या पावसाळ्यात १.४ वर आला. डॉक्टरांनी डोस वाढवला. मग श्रावणातल्या उपासांनी जेवण कमी झालं, आकडा वर चढला, डोस कमी केला. दर दोन-तीन आठवड्यांनी लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त न्यायचा, संध्याकाळी रिपोर्ट, रात्री डॉक्टरांना फोन, आणि फोनवर नवा हिशोब.

माझा कौल ज्या त्रासामुळे ठरला, तो हाच हिशोब. सुई आईने कधी मनावर घेतली नाही. पैशांचंही तेवढं नव्हतं. पण डोस रोज वेगळा असायचा. सोमवार, बुधवार, शुक्रवार २ मिलिग्रॅम, बाकीचे दिवस दीड. पुढच्या महिन्यात रविवारी १, इतर दिवशी २. घरात १ मिलिग्रॅमच्या गोळ्या असायच्या, त्यातली दीड काढायची म्हणजे एकीचे चाकूने दोन तुकडे. पावसाळ्यात दमट झालेल्या गोळीचा अर्धा भाग ओट्यावर भुगा होऊन पडायचा. कालनिर्णयच्या चौकोनांत मी पेन्सिलीने आकडे लिहायचो, डोस बदलला की खोडून परत लिहायचो. शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली, चाळीस मुलांची हजेरी तोंडपाठ म्हणणारी माझी आई रोज संध्याकाळी सातला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारायची, "आज किती रे?"

एका जुलैत लोकल अडकल्या, मी दोन तास उशिरा पोहोचलो. तोवर तिने खोडलेला जुना आकडा वाचून २ घेतली होती. मी आल्यावर, ती घ्यायची राहिली असेल असं समजून, मी अजून दीड काढून दिली, आणि माझ्यावर विश्वास ठेवून तिने ती घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना बेसिनमध्ये रक्त दिसलं. आयएनआर ४.२. डॉक्टर म्हणाले, एका रात्रीच्या जास्तीच्या गोळीने एवढं होत नाही, दाताच्या दुखण्यासाठी आठवडाभर मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक घेतलंय ना, त्यानेही चढलं असणार. दातांच्या डॉक्टरांना रक्ताच्या गोळीबद्दल आम्ही सांगितलंच नव्हतं. गोळी थांबवली, परत तपासलं, सगळं ठीक झालं. पण त्यानंतर आई गोळी हातात घेऊन दोनदा माझ्याकडे बघायची. तिचं ते बघणं मला सहन होईना.

मग नवी. तिन्ही नव्या गोळ्या सारख्या नाहीत, आणि निवडताना घरातल्या सवयी बघाव्यात असं मला वाटतं. रिव्हरॉक्साबॅन दिवसातून एकदाच असते, हे सोयीचं. पण या आजारात देतात ती १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी पोटभर जेवणाबरोबरच घ्यावी लागते, आणि आमच्याकडे एकादशी आहे, गुरुवार आहे. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल मूळ पाकिटातून काढून डबीत भरून ठेवता येत नाही, ओल लागली की बिघडते. ठाण्याच्या पावसाळ्यात मला ती जोखीम नको होती. त्यात काहींना तिने ॲसिडिटी होते, आणि तिचा जवळपास ८० टक्के भाग मूत्रपिंडांतून बाहेर पडतो. ॲपिक्साबॅनचा साधारण २७ टक्केच. ती दोनदा घ्यावी लागते, पण जेवणाआधी की नंतर याचं बंधन नाही. पालेभाजीचं नाही. आणि गिळायला त्रास असेल तर कुटून पाण्यातून देता येते.

डोसबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण इथे घरचे लोक घाबरून चूक करतात. ॲपिक्साबॅन ५ मिलिग्रॅम दोनदा हा नेहमीचा डोस. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालताहेत ते दाखवणारा रक्तातला आकडा) १.५ किंवा जास्त, या तीनपैकी दोन गोष्टी लागू असतील तर २.५ देतात. आईचं वजन ५६ किलो, पण वय ७४ आणि क्रिएटिनिन ०.९, म्हणजे एकच लागू. पूर्ण डोस. "वय झालंय, अर्धीच द्या" असं आमच्या मावशीने सुचवलं होतं. अर्धी देणं म्हणजे रक्तस्रावाच्या भीतीने स्ट्रोकला दार उघडून देणं, हे डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या १८,२०१ रुग्णांच्या चाचणीत वॉर्फरिनपेक्षा ॲपिक्साबॅनवर मोठे रक्तस्राव ३१ टक्क्यांनी कमी आढळले, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

नवीचे तोटे आहेत, ते लपवत नाही. महाग आहे. पेटंट संपून जेनेरिक आल्यापासून परवडायला लागली, तरी आमचं महिन्याचं बिल हजाराच्या पुढे जातं. आयएनआरचा खर्च वाचतो, तरी पूर्ण फिटत नाही. उतारा जुन्या गोळीइतका हाताशी नाही. आणि गोळी चुकवून चालत नाही. हिचा असर बारा तासांत निम्म्यावर येतो, लागोपाठ दोन वेळा राहिली की आपण उघड्यावर. जुनी गोळी या बाबतीत थोडी माफ करते. ज्या घरात गोळ्या द्यायला कोणी नाही आणि माणूस विसराळू आहे, तिथे दर महिन्याचा आयएनआर निदान चूक पकडून तरी देतो. तिथे मी जुनीलाही नाही म्हणणार नाही.

काळजी दोन्हींत बरीचशी तीच. दुखण्यावर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन मनाने नाही. ताप किंवा अंगदुखीला पॅरासिटामॉल, तेही विचारून, कारण जुन्या गोळीबरोबर ते सलग काही दिवस घेतलं की आयएनआर चढू शकतो. टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिट्सच्या काही गोळ्या दोन्ही औषधांचा असर कमी करतात, म्हणून कोणत्याही नव्या डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य हेच, की रक्ताची गोळी चालू आहे. मऊ ब्रश. दंडात किंवा कमरेत इंजेक्शन घ्यायच्या आधी सांगायचं. रक्त घेतल्यावर बोळा पाच-दहा मिनिटं दाबून धरायचा. बाथरूममध्ये रबरी मॅट आणि भिंतीला दांडी आम्ही पहिल्याच महिन्यात बसवली, कारण या गोळ्यांवर असताना डोक्याला मार बसला तर वरून काही दिसत नसलं तरी हॉस्पिटल गाठायचं असतं, सकाळपर्यंत बघू म्हणायचं नसतं. शौचाला डांबरासारखी काळी झाली तर तसंच, फक्त लोहाच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगायचं, त्यांनीही रंग काळा होतो. नवी गोळी असली तरी क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन वर्षातून निदान एकदा, आईच्या वयाला आम्ही सहा महिन्यांनी करतो. जुलाब-उलट्या झाल्या तर आधी फोन.

बदलताना एका दिवसात बदलत नाहीत. जुनी बंद करून आयएनआर दोनच्या खाली यायची वाट बघायची आणि मग नवी सुरू करायची. आमच्याकडे तीन दिवस लागले. १.८ आला त्या रात्री आईने पहिली गोळी घेतली, सकाळी आठला दुसरी. पाकिटातून गोळी काढली, पाण्याचा घोट घेतला आणि पेपर उघडला. कालनिर्णयकडे तिने बघितलंही नाही.

या जूनमध्ये ती जांभळी नाक्यावरून टाकळ्याच्या चार जुड्या घेऊन आली. निवडायला मला बसवलं, आणि म्हणाली, "कोवळी तेवढीच घे, देठ टाक."