पांढरंशुभ्र नाणं घेण्याआधी ते तिरपं करून बघा

जुन्या चांदीच्या नाण्यांत सर्रास चालणारी लबाडी अशी: झिजलेलं, काळवंडलेलं नाणं रसायनात ('डिप'मध्ये) बुडवून लख्ख करायचं आणि 'अनसर्क्युलेटेड', म्हणजे चलनात न फिरलेलं, म्हणून खपवायचं. फोटो बरोबर समोरून, झगझगीत उजेडात काढलेला. घेणारा चकाकीचे पैसे मोजतो. पुढे ग्रेडिंगला, म्हणजे दर्जा ठरवणाऱ्या संस्थेकडे, पाठवलं की 'क्लीन्ड' (साफ केलेलं) असा शेरा पडतो आणि अंकातला दर्जा मिळतच नाही.

टाकसाळीची मूळ चकाकी ठसा उमटताना सरकलेल्या धातूच्या अतिसूक्ष्म रेषांमुळे येते. एकाच दिव्याखाली नाणं तिरपं करून फिरवलं की उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. त्यातली चांदी नाण्याचीच असते. डिपमधलं आम्ल आणि थायोयुरिया तो थर विरघळवतात, त्याबरोबर या रेषाही बोथट होतात. वारंवार बुडवलेलं नाणं पांढरं दिसतं, पण पट्टा फिरत नाही. चुना फासल्यासारखं निर्जीव वाटतं. म्हणून विकणाऱ्याकडे फोटो नको, नाणं फिरवतानाचा व्हिडिओ मागा. टाळाटाळ झाली तर सौदा सोडा.

घासलेलं नाणं पकडणं त्याहून सोपं. १० पट भिंगाखाली नाण्यावरच्या नक्षी-अक्षरं नसलेल्या मोकळ्या जागेत एकाच दिशेचे बारीक ओरखडे दिसतात आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत जुना मळ तसाच अडकलेला असतो. जुनं तांबं बहुधा तपकिरी असतं. गुलाबी-केशरी दिसलं तर बहुतेक कुणीतरी लिंबू किंवा टूथपेस्ट चालवली आहे.

आधी-नंतरचे फोटो दाखवून नाणी चमकवायच्या पावडरी विकणारे याच जातीचे. त्या फोटोतलं 'नंतर'चं नाणं संग्राहकाच्या लेखी कमी किमतीचं झालेलं असतं.

चिकट तेलकटपणा किंवा पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटामुळे आलेला हिरवट चिकटा असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोन चालतं. नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात सुगंध आणि तेलं असतात. काचेच्या वाटीत ५-१० मिनिटं बुडवा, खिडकी उघडी, जवळ ज्योत नको. मग डिस्टिल्ड वॉटर, आणि मऊ कापडाने टिपून घ्या. पुसू नका, पुसण्यानेच ओरखडे पडतात. काळा थर अ‍ॅसिटोनने निघत नाही, आणि तो काढायचाही नसतो. तांब्या-कांशावर फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर मात्र ती क्लोराइडची कीड, म्हणजे धातू खात जाणारा गंज. ते नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं, कोरड्या जागी ठेवा.