यादी चोख, बातम्या अर्ध्या : एका माजी विद्यार्थी संघाच्या सेवेचा अनुभव

गेली सात वर्षे मी आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी संघाची आजीव सभासद आहे. वर्गणी एकदा भरली की पुढे तिचे काय झाले हे विचारायचे भान सहसा कोणाला राहत नाही, आणि संघाचे काम सगळे हौशी मंडळींच्या बळावर चालत असल्यामुळे त्याबद्दल परखड बोलणे कृतघ्नपणाचे वाटते. तरीही वर्षातून चार वेळा निघणारे वार्तापत्र, सभासदांची सूची, वार्षिक मेळावा, शिष्यवृत्ती निधी आणि विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन अशा पाच गोष्टी देऊ करणाऱ्या संस्थेकडे ‘आपलीच माणसे’ म्हणून कानाडोळा करण्यापेक्षा एक सेवा म्हणून पाहणे अधिक न्यायाचे आहे, असे माझे मत झाले आहे. शाळेचे आणि संघाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत.

सर्वांत आधी सूचीबद्दल लिहिते, कारण या संघाचे जे काही चांगले आहे ते तिच्यापासून सुरू होते. बहुतेक ठिकाणी माजी विद्यार्थ्यांची यादी शेवटच्या परीक्षेच्या निकालावरून तयार होते. त्यामुळे मधल्याच इयत्तेत वडिलांच्या बदलीमुळे शाळा सोडलेली, नापास होऊन गळालेली किंवा घरच्या अडचणीमुळे येईनाशी झालेली मुले ‘माजी विद्यार्थी’ या व्याख्येतूनच बाहेर पडतात. आमच्या संघाच्या चिटणीसबाईंनी निकालपत्रके बाजूला ठेवून शाळेचे जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाची नोंदवही, हाताशी घेतले. ज्याचे नाव एकदा त्या रजिस्टरात चढले तो माजी विद्यार्थी, मग तो आठ महिनेच शाळेत असो. हे काम दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या चालले होते. जुन्या रजिस्टरांची पाने कडांना इतकी ठिसूळ झाली होती की ती उलटताना खाली कोरा कागद सरकवावा लागे, आणि पुसट झालेली आडनावे वाचण्यासाठी आमच्यापैकी दोघे-तिघे भिंग घेऊन बसत. मी त्यातल्या एका सुट्टीत चार दिवस मदत केली, एवढाच माझा वाटा.

सूचीत प्रत्येक नावापुढे एक रकाना असा आहे, जो मी इतर कोणत्याही यादीत पाहिलेला नाही : ‘पत्त्याची शेवटची खात्री कधी केली’. पत्ता असणे आणि पत्ता आजही खरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याने कधी पाचशे निमंत्रणे पाठवून त्यांतली दीडशे परत आलेली पाहिली असतील त्यालाच कळते. दरवर्षी प्रत्येक तुकडीचा प्रतिनिधी आपापल्या वर्गातल्या नावांना फोन करतो, आणि ज्यांची खात्री तीन वर्षांत झालेली नाही त्यांच्या नावापुढे ‘संपर्क तुटला’ असा शेरा येतो. मुलींच्या बाबतीत शाळेतले नाव आणि आजचे नाव असे दोन स्वतंत्र रकाने आहेत आणि शोध दोन्हींवरून घेता येतो. हे वाचायला क्षुल्लक वाटेल. परंतु माझ्याच वर्गातल्या निम्म्याहून अधिक मैत्रिणी आधीच्या यादीत केवळ लग्नानंतरच्या आडनावाने नोंदलेल्या होत्या आणि म्हणून त्या कोणालाही सापडत नव्हत्या. जिच्या शेजारी सात वर्षे एका बाकावर बसले, तिचे नवे आडनाव मला तरी कुठे ठाऊक होते?

एवढ्या कष्टाने उभ्या केलेल्या यादीच्या मानाने वार्तापत्र मात्र फिके पडते. अंक वेळेवर येतो, छपाई स्वच्छ असते, शुद्धलेखनाकडे लक्ष दिलेले असते. तक्रार आहे ती मजकुराबद्दल. ‘आपल्या वर्तुळातून’ या सदरात गेल्या सात वर्षांत मी जे वाचले ते मुख्यतः पदोन्नती, पुरस्कार, परदेशवारी, ग्रंथप्रकाशन आणि मुलांची लग्ने यांबद्दलचे आहे. संपादकांना याबद्दल विचारले तेव्हा त्यांनी सरळ सांगितले की आलेल्या बातम्याच आम्ही छापतो, कोणाचीही बातमी गाळत नाही. मला यावर विश्वास आहे आणि नेमकी अडचणही इथेच आहे. ज्याचे बरे चालले आहे तोच बातमी पाठवतो. ज्याने दुकान बंद केले, जी आजारी सासूची सेवा करता करता नोकरी सोडून बसली, जो तीस वर्षे एकाच कारखान्यात एकाच यंत्रावर काम करून निवृत्त झाला, त्यांना आपल्या आयुष्यात बातमीसारखे काही आहे असे वाटतच नाही. जनरल रजिस्टरावरून सर्वांना सामावून घेणारी संस्था वार्तापत्रात मात्र निकालपत्रकाकडेच परत जाते, असे माझे निरीक्षण आहे. सूचीसाठी प्रतिनिधी फोन करतातच. त्याच फोनवर ‘सध्या काय चालले आहे?’ हा एक प्रश्न विचारून दोन ओळी टिपून घेतल्या, तर या सदराचा चेहरा बदलेल.

याला एक सुंदर अपवाद आहे, तो म्हणजे मधल्या पानावरचे जुने छायाचित्र. प्रत्येक अंकात एखाद्या वर्गाचा सामूहिक फोटो छापलेला असतो आणि शेजारी त्याच फोटोतल्या माणसांच्या केवळ बाह्यरेषा काढून त्यांत क्रमांक घातलेले असतात. ज्यांची नावे कळली आहेत ती खाली दिलेली असतात, उरलेल्या क्रमांकांपुढे रिकामी जागा. वाचकांनी ओळखून कळवायचे आणि पुढच्या अंकात ती जागा भरायची. एका फोटोत डावीकडून तिसऱ्या, मान खाली घातलेल्या मुलीपुढचा क्रमांक १७ सलग तीन अंक रिकामा राहिला होता. शेवटी तिला ओळखले ते शाळेच्या निवृत्त शिपाईमामांनी, तेही तिच्या हातातल्या पितळी डब्यावरून, कारण मधल्या सुट्टीत तो डबा उघडून देण्यासाठी ती रोज त्यांच्याकडेच येत असे. हे पान इतके लोकप्रिय का, याला शास्त्रीय आधारही आहे. मानसशास्त्रज्ञ हॅरी बॅरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १७ ते ७४ वयाच्या ३९२ जणांच्या शाळासोबत्यांविषयीच्या स्मरणाची चाचणी घेतली होती. शाळा सोडून सुमारे ३५ वर्षे झालेल्यांनाही अनेक छायाचित्रांतून आपल्या वर्गातले चेहरे ९० टक्क्यांच्या आसपास अचूक निवडता आले. कोणत्याही आधाराशिवाय नावे आठवून सांगणे मात्र त्यांना पुष्कळच जड गेले. चेहरा ओळखीचा, नाव ओठांवर येत नाही, ही आपली सर्वांची अवस्था हे पान नेमकी पकडते.

वार्तापत्रातला एक प्रसंग मात्र विसरता येण्याजोगा नाही. दोन वर्षांपूर्वी श्रद्धांजलीच्या चौकटीत माझ्या वर्गातल्या एका मित्राचे नाव आले. तो हयात होता आणि अंक त्याच्याच घरी पोहोचला. निधन झाले होते ते त्याच नावाच्या, आमच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठ्या माजी विद्यार्थ्याचे. बातमी कोणीतरी फोनवर सांगितली आणि शाळा सोडल्याचे वर्ष न विचारता ती लिहून घेतली गेली. चूक कोणाकडूनही होते, पण ती दुरुस्त कशी केली यावर संस्थेची परीक्षा होते. पुढच्या अंकात शेवटच्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, ‘अनवधानाने’ या शब्दाच्या आडून दोन ओळी आल्या. त्यांत खरोखर गेलेल्या गृहस्थांबद्दल एक शब्दही नव्हता, म्हणजे एकाला जिवंतपणी श्रद्धांजली मिळाली आणि दुसऱ्याला मेल्यावरही मिळाली नाही. मित्राने ते हसण्यावारी नेले. त्याच्या आईने नेले नाही. तेव्हापासून निधनाची बातमी जवळच्या नातेवाइकाकडून पडताळल्याशिवाय आणि शाळा सोडल्याचे वर्ष लिहिल्याशिवाय छापायची नाही असा नियम झाला आहे, आणि तो पाळला जातो, हे नोंदवले पाहिजे.

वार्षिक मेळाव्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. व्यासपीठावरची भाषणे लांबतात, सत्कारांची यादी दरवर्षी वाढते, आणि ज्या गप्पांसाठी माणसे दूरवरून येतात त्यांच्या वाट्याला जेवणाची रांग तेवढी उरते. गेल्या वर्षी प्रथमच प्रत्येक तुकडीला तिची जुनी वर्गखोली दीड तासासाठी दिली होती, आणि ती कल्पना सगळ्या भाषणांपेक्षा सरस ठरली; लहान बाकांत मोठी माणसे कशीबशी मावली, एवढाच काय तो त्रास.

पैशांच्या व्यवहाराबाबत संघाला मी चांगले गुण देईन. आजीव वर्गणी ही संस्थेसाठी फसवी रक्कम असते. ती एकदाच हातात येते, पण त्या बदल्यात अंक आणि टपाल यांचा खर्च पुढची तीस-चाळीस वर्षे करावा लागतो. अनेक संघ पहिल्या वर्षी भरपूर सभासद नोंदवतात, जमलेली रक्कम एका थाटाच्या समारंभात उडवतात आणि चौथ्या वर्षी पुन्हा हात पसरतात. आमच्याकडे आजीव वर्गणी मूळ निधीत जमा होते आणि केवळ व्याजच खर्चायचे असते. शिष्यवृत्ती निधी त्याहून वेगळा ठेवलेला आहे. एखाद्याने ग्रंथालयासाठी दिलेली देणगी मेळाव्याच्या मंडपाला वापरली जात नाही, आणि लेखापरीक्षित ताळेबंद सर्वसाधारण सभेच्या सूचनेबरोबरच सभासदांच्या हाती पडतो. उणीव दिसते ती वस्तुरूप देणग्यांच्या बाबतीत. एका तुकडीने उत्साहाने संगणक दिले, त्यांचा फोटो मुखपृष्ठावर झळकला, पण दुरुस्तीची तरतूद कोणीच केली नव्हती, आणि आज त्यांतले बरेचसे आच्छादनाखाली झाकून ठेवलेले आहेत. वस्तू स्वीकारताना तिच्या देखभालीचा काही वर्षांचा खर्चही देणाऱ्याकडून घ्यावा, ही सूचना मी दोनदा मांडली आणि ती दोन्ही वेळा इतिवृत्तात ‘विचारार्थ’ म्हणून नोंदली गेली.

विद्यार्थ्यांसाठीच्या मार्गदर्शनाचे पूर्वीचे स्वरूप म्हणजे एका यशस्वी गृहस्थाचे तासभर भाषण आणि शेवटी ‘कोणाला काही प्रश्न?’ यावर पसरणारी शांतता. आता एका माजी विद्यार्थ्याकडे तीन मुले सोपवतात आणि तो त्यांच्याशी वर्षभर अधूनमधून बोलतो. यात सुतारकामाची कार्यशाळा चालवणारे आणि परिचारिका म्हणून काम करणाऱ्या बाई यांनाही तितकेच स्थान आहे. वार्तापत्राला जे जमले नाही ते इथे जमले. अशा दूरच्या ओळखीची किंमत आपण कमी लेखतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना ती ओळख किती घट्ट होती हे विचारले होते. जिच्याशी वारंवार भेट होते अशा व्यक्तीकडून माहिती मिळालेले केवळ १६.७ टक्के निघाले, ५५.६ टक्क्यांची त्या व्यक्तीशी अधूनमधून आणि २७.८ टक्क्यांची क्वचितच भेट होत असे. नमुना लहान होता, तरी त्यामागचा तर्क पटणारा आहे. जवळच्या माणसांना आपल्याला ठाऊक असते तेवढेच ठाऊक असते, तर वेगळ्या वर्तुळात वावरणारा जुना शाळासोबती आपल्या कानावर न आलेली गोष्ट सांगू शकतो.

राहता राहिला व्हॉट्सॲपचा गट. तिथे सदस्यसंख्येची मर्यादा १,०२४ असल्यामुळे संघाचे सगळे सभासद एका गटात मावत नाहीत आणि तुकडीनिहाय गट करावे लागले, ही माझ्या मते इष्टापत्तीच झाली. ईमेलच्या बाबतीत मात्र एकदा मोठा हलगर्जीपणा घडला. मेळाव्याचे निमंत्रण पाठवताना सर्वांचे पत्ते सर्वांना दिसतील अशा रकान्यात टाकले गेले आणि आठवड्याभरात एका विमा विक्रेत्या माजी विद्यार्थ्याची पत्रे आम्हा सर्वांकडे येऊ लागली. संघाने त्याला समज दिली, सभासदांची माफी मागितली आणि सूचीत ‘माझा पत्ता इतर सभासदांना दाखवू नये’ असा पर्याय दिला. या वेळची माफी पहिल्या पानावर होती.

नव्याने नाव नोंदवू इच्छिणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक गोष्ट सांगते. अर्जावर आपले नाव शाळेच्या दाखल्यावर जसे आहे अगदी तसेच लिहावे, पुढे आडनाव बदलले असल्यास तेही द्यावे, आणि शाळा मध्येच सोडली असल्यास निकालाचा रकाना निःसंकोच कोरा ठेवावा. तो भरलाच पाहिजे असा आग्रह कोणी धरत नाही. पोच यायला माझ्या वेळी सहा आठवडे लागले होते, हल्ली आठ-दहा दिवसांत येते. आणि अर्जाच्या पाठीमागे ‘आपल्याविषयी काही’ अशी जी चार ओळींची जागा आहे ती तेवढी रिकामी सोडू नये, कारण संपादकांच्या हाती पडणारा मजकूर सध्या तरी तिथूनच येतो.