मापाचा जग, १ लिटर : ड्रमला चालेल, पंपाला नाही

नाशिकच्या भांडी बाजारातून हा १ लिटरचा प्लास्टिकचा मापाचा जग घेतला, द्राक्षाच्या फवारणीसाठी. दिंडोरीकडे बाग आहे आमची, त्यामुळे हा रिव्ह्यू बागवाल्याचा आहे, केक करणाऱ्यांनी दुसरा शोधा.

चांगलं आधी सांगतो. आकडे रंगाने छापलेले नाहीत, प्लास्टिकमध्येच उठावदार आहेत, औषध लागून पुसले जात नाहीत. एका बाजूला एमएल आणि सीसी शेजारी शेजारी, दोन्ही एकच, १ एमएल म्हणजे १ सीसी, पण आमचे आण्णा अजून सीसीतच बोलतात त्यामुळे बरं झालं. मागच्या बाजूला मात्र सेंटीलिटर दिलंय, कशाला ते कंपनीलाच माहिती. १ सेंटीलिटर म्हणजे १० एमएल, वाईनच्या बाटलीवर ७५ सीएल असतं तेच ७५० एमएल, आपल्याकडे त्याचा तेवढाच संबंध. पण तुम्ही गड्याला "५० घे" म्हणालात आणि त्याने मागचा ५० धरला तर थेट ५०० एमएल, दहापट डोस, पानं करपलीच समजा. मी ती बाजू परमनंट मार्करने काळी करून टाकली.

आता खरी तक्रार. लेबलवर लिटरला दीड एमएल लिहिलेलं असेल तर २०० लिटरच्या ड्रमला ३०० एमएल, ६०० लिटरच्या ब्लोअरला (ट्रॅक्टरवरचं फवारणी यंत्र) ९००, इथपर्यंत जग एकदम झकास. पण १६ लिटरच्या पाठीवरच्या पंपाला लागतात २४ एमएल, आणि जगाची पहिली रेघच ५० ला आहे!! बरं रेघ असती तरी काय, जगाचा तळ साधारण ११ सेंटीमीटर रुंद, त्यात २४ एमएल म्हणजे जेमतेम अडीच मिलिमीटर उंची, डोळ्याला काय कळणार. तेच १०० एमएलच्या अरुंद नळीत चार-साडेचार सेंटीमीटर चढतं. म्हणून पंपवाल्यांनी मोजायची नळीच घ्या, आणि टोपणाने मोजणं तर बंदच करा, प्रत्येक कंपनीचं टोपण वेगळं.

रेघा बरोबर आहेत का ते घरच्या काट्यावर बघितलं, रिकामा जग ठेवून काटा शून्यावर आणला आणि ५०० च्या रेघेपर्यंत पाणी भरलं, ४९० ग्रॅमच्या आसपास आलं, म्हणजे ठीक. ही ट्रिक फक्त पाण्याला हां, औषधाचं १०० एमएल म्हणजे १०० ग्रॅम असेलच असं नाही, आणि पावडरचा डोस ग्रॅममध्ये असतो तो जगाने मोजू नका.

धार छान पडते, बाहेर ओघळत नाही. हँडल मात्र बारीक, हातमोजे घालून नीट बसत नाही. दुकानदाराने भाव काही सोडला नाही. पाचपैकी साडेतीन.